हिरव्याच्या नादी लागू नका: गोणपाटाचा गिली सूट घरी बनवताना

डिसेंबर 2024 मध्ये माझा गिली सूट एकदाचा पूर्ण झाला. पहिलं पोतं उसवलं होतं सप्टेंबरच्या शेवटी. पतसंस्थेतली कॅशियरची नोकरी, घर आणि मधली दिवाळी सांभाळून हे काम चाललं होतं. त्या काळात मला मराठीत याबद्दल काहीच वाचायला मिळालं नाही. इंग्रजीत भरपूर आहे, पण ते लिहिणारे बहुतेक जण ओल्या, हिरव्यागार मुलखातले. आपल्याकडचं डिसेंबरातलं गवत त्यांनी पाहिलेलं नाही. म्हणून हे सगळं सविस्तर लिहून ठेवते आहे, खर्चासकट आणि अर्जाच्या कटकटीसकट.

गिली सूट म्हणजे अंगावर चढवायचं गवत. जाळीवर तागाच्या धाग्यांचे शेकडो झुपके बांधतात. त्याने डोकं, मान, खांदे यांची ओळखीची रेघ मोडते आणि बसलेला माणूस माणसासारखा दिसेनासा होतो. स्कॉटलंडमध्ये शिकारीची राखण करणाऱ्यांनी हा प्रकार काढला. 1900 साली बोअर युद्धासाठी तिथल्याच लोकांची ‘लोव्हॅट स्काउट्स’ ही पलटण उभी राहिली आणि तिच्याबरोबर तो सैन्यात गेला. मला तो हवा होता पाणपक्ष्यांच्या फोटोंसाठी. छोटा तंबू मी वापरून पाहिला होता. तो उभारायला वेळ लागतो, वाऱ्यात फडफडतो आणि शेताच्या बांधावर लांबून नजरेत भरतो.

तयार सूट तेव्हा ऑनलाइन अडीच-तीन हजारांपासून मिळत होते. आमच्या पक्षीनिरीक्षणाच्या गटातल्या एकाकडे होता, तो मी एक दिवस मागून घेतला. पॉलिस्टरचा धागा, त्यावर प्लॅस्टिकची पानं. उन्हात चमकत होता, हललं की कुरकुरत होता आणि रंग थेट शेडनेटचा. नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या काठावर, सगळं गवत पिवळं पडलेलं असताना, त्या पिवळ्यात मी एकटीच हिरवी! चक्रवाकांची जोडी मी कॅमेरा उचलायच्या आधीच उडाली.

लष्करी छापाचं कापड घेऊन त्यावर काहीतरी शिवावं असंही कुणीकुणी सुचवलं. ते मी पहिल्यांदाच बाद केलं. शेजारी देवळालीची लष्करी छावणी आहे, लष्करी कपड्यांकडे इथले लोक बारकाईने बघतात. शिवाय आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं म्हणून तसा वेश करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 खाली गुन्हा आहे. माझा तसा हेतू नसता हे खरं, पण रानात एकट्या बाईने कुणाकुणाला हेतू समजावत बसायचं? साधा खाकी शर्ट आणि मातकट पँट घेतली, दोन्ही जुनी.

आता परवानगीचं. माझी नजर होती नांदूर मध्यमेश्वरवर. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथल्या बंधाऱ्यामागची ही पाणथळ जागा जानेवारी 2020 मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाली. अभयारण्य असल्यामुळे तिथे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. त्याच्या कलम 28 मध्ये ज्या कारणांसाठी प्रवेशाचा परवाना देता येतो त्यांत छायाचित्रण आहे. एवढं वाचून मी 7 ऑक्टोबरला वनखात्याकडे अर्ज नेऊन दिला: दोन प्रती, आधारची झेरॉक्स, कॅमेरा-लेन्सचा तपशील, कुठे आणि कधी बसणार ते, आणि सुटाचं हाताने काढलेलं चित्र. चित्र बघून खिडकीतल्या बाईंनी शेजारच्यांना हाक मारली, त्यांनी आणखी एकाला. तिघांनी मिळून ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि शेवटी शिक्का मारला.

दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक लिहून घ्या, विसरू नका. कारण 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि जो तो निवडणुकीच्या कामाला जुंपला गेला. “मॅडम, मतदान होऊ द्या” हे उत्तर मला दिवाळीआधी मिळालं आणि दिवाळीनंतरही मिळालं. 20 नोव्हेंबरला मतदान झालं, 23 ला निकाल लागला, त्यानंतर कुठे फाइल हलली. तेव्हा तो आवक क्रमांक नसता तर पुन्हा पहिल्यापासून अर्ज करावा लागला असता. उत्तर असं मिळालं: ठरलेल्या वाटा, मनोरे आणि निरीक्षणाच्या जागा इथून खुशाल फोटो काढा. वाट सोडून पाण्याच्या कडेला जायचं नाही आणि असला वेश घालून आत बसायचं नाही. ऐकताना वाईट वाटलं, पण विचार केल्यावर पटलं. गवतात न दिसणारा माणूस गस्तीवरच्या वनरक्षकालाही दिसत नाही.

सुदैवाने माझ्या मामेभावाचं, दादाचं, शेत अभयारण्याच्या हद्दीबाहेर, कादवेच्या काठाला आहे. नदीकडेला त्याची थोडी पाणथळ पड जमीन आहे, तिथेही बदकं उतरतात. म्हणजे सूट वाया जाणार नव्हता.

तर, पोती. गोणपाट घेताना आधी काय भरलं होतं ते विचारा. खतं, कीटकनाशकं, औषध लावलेलं बियाणं यांची पोती कितीही स्वस्त मिळोत, घेऊ नका. हे धागे तोंडाजवळ, मानेजवळ येतात. कोरी पोतीही मी टाळली, कारण ताग कातताना त्याला तेल पाजतात, त्याचा रॉकेलसारखा वास कोऱ्या बारदानाला असतो आणि ते तेल निघेपर्यंत रंग नीट धरत नाही. मी भद्रकालीतल्या जुन्या बारदानवाल्याकडून कांद्याची वापरलेली पोती घेतली, तीस रुपयांना एक. ढिल्या विणीची निवडा, धागे सहज सुटतात.

पोत्याची शिवण उसवायची, कापड सपाट करायचं आणि दीड-दीड फुटांचे तुकडे कापायचे. मग आडवे धागे एकेक करून ओढून काढायचे. शेवटी उभ्या धाग्यांची झालर हातात राहते. आडव्या-उभ्या दोन्हींचा उपयोग होतो. सगळे झुपके एकाच लांबीचे नकोत, म्हणून काही तुकडे वीतभरच कापले. ऐकायला सोपं आहे, पण खरा वेळ खातं ते हेच. तागाची बारीक धूळ उडते, नाकातोंडात जाते, म्हणून गच्चीवर मास्क लावूनच बसा. रोज जेवणानंतर मी तासभर हे काम घेई. सासूबाई आधी नुसत्या बघत होत्या. नवरात्रात एका रात्री म्हणाल्या, “दे इकडे एक तुकडा, वाती वळण्यापेक्षा हे बरं.” त्यानंतर काम दुपटीने सरकू लागलं. एक मात्र त्यांनी बजावलं, “मशीनमध्ये घालशील तर खबरदार.” बरोबरच होतं. सुट्या धाग्यांनी ड्रेनचा पाइप तुंबला असता आणि धाग्यांचाही गुंता झाला असता. धाग्यांच्या जुड्या करून सुतळीने मध्यभागी सैल बांधा. धुण्यापासून रंगवण्यापर्यंत त्या तशाच राहू द्या.

धुणं हा निम्मा रंग आहे असं मी म्हणेन. मोठ्या पातेल्यात पाणी तापवून त्यात धुण्याचा सोडा घातला, लिटरला साधारण पाच ग्रॅम, आणि जुड्या अर्धा-पाऊण तास मंद उकळल्या. पाणी चहासारखं काळपट झालं. तेल, माती, कांद्याचा वास, सगळं त्यात उतरतं. पाणी नितळ येईपर्यंत खळबळायचं. साबणाची पावडर वापरू नका, आणि त्याला कारण आहे. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून बऱ्याच पावडरींत उजळवणारी रसायनं असतात. ती अतिनील प्रकाशात निळसर चमकतात. बऱ्याच पक्ष्यांना अतिनील प्रकाश दिसतो. आपल्याला मातकट वाटणारा शर्ट त्यांना दिवा लावल्यासारखा दिसू शकतो. माझ्या टेबलावर नोटा तपासायचा जांभळा दिवा असतोच. एका संध्याकाळी हिशेब मिटल्यावर मी त्याखाली सोड्यात धुतलेली जुडी धरली, ती गप्प राहिली. मग रोजच्या पावडरीत धुतलेला तो खाकी शर्ट धरला, कॉलर लखलखली. शर्ट-पँट मग रिठ्याच्या पाण्यात पुन्हापुन्हा धुतली. चमक बरीच उतरली, पूर्ण नाही. वरून सूट येणार असल्याने तेवढ्यावर भागवलं.

रंग ठरवायला मी दादाच्या शेतावर गेले. दसऱ्याच्या सुमारास काठ अजून हिरवा होता, पण मला डिसेंबर-जानेवारीत बसायचं होतं. म्हणून आधीच्या हिवाळ्यात तिथे काढलेले फोटो मोबाइलवर उघडून समोर धरले. फोटोंमध्ये हिरवं जवळजवळ नव्हतंच. पाणकणीस सुकून वाळक्या पेंढ्याच्या रंगाचं झालेलं. कुसळी गवत फिकट सोनेरी. बाभळीची खोडं करडी-काळी. ओल्या काठावर काळा गाळ. हिरवं म्हणावं तर फक्त बेशरमाची झुडपं, तीही धुळीने मळकी. न रंगवलेल्या तागाची जुडी तिथल्या वाळलेल्या पात्यांशेजारी धरली तर दोन पावलांवरून वेगळी ओळखू येईना. म्हणजे एक मोठा हिस्सा रंगवायचाच नव्हता! पैसे आणि गॅस दोन्ही वाचले. उरलेल्यासाठी तीन रंग ठरवले: मळकट खाकी-शेवाळी, लालसर तपकिरी आणि करडा-काळा.

रंगाच्या दुकानातल्या तयार पुड्यांतली एक हिरवी मी नमुन्याला आणून पाहिली होती. दुकानदार म्हणाला, “पक्का रंग आहे ताई, गॅरंटी.” जुडी ओली करून पांढऱ्या फडक्यात दाबली तर फडकं पोपटी झालं. मग येवल्यात पैठणीचं रेशीम रंगवणाऱ्या एका ओळखीच्या काकांना फोन केला. त्यांनी सांगितलं, “रेशमाचे नियम तागाला लावू नका. ताग म्हणजे लाकूडच, थोडं मऊ झालेलं.” लाकडात असणारा लिग्निन तागातही बराच असतो, त्यामुळे काही तयार रंग त्याला पटकन चिकटतात, पण उन्हात लवकर उडतात. शिवाय उन्हाने ताग स्वतःही पिवळट-तपकिरी होत जातो. काकांची दुसरी गोष्ट मी रोज वापरली: ओला रंग नेहमी गडद दिसतो, निर्णय वाळल्यावरच करायचा.

शेवटी झाडपाल्याचेच रंग घेतले. त्यासाठी नाशिकसारखी जागा नाही, कारण इथे कांदा आहे. कांद्याच्या सालीत पिवळा-नारिंगी रंग असतो, आणि तो लोहाच्या क्षाराशी भेटला की शेवाळी-खाकी होतो. निफाडकडच्या एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर दादाची ओळख होती. ऑक्टोबरात चाळीतला साठवणीचा उन्हाळ कांदा निवडून भरायचं काम चालू होतं आणि निवडणाऱ्या बायकांच्या पायाशी सालींचे ढीग. “किती पाहिजे तेवढं न्या, पण करणार काय त्याचं?” मी सांगितलं. त्यातली एक म्हणाली, “गवत घालून बदकं बघणार? बरं बाई.” आणि पोतं दाबून भरून दिलं. साल वजनाला अगदी हलकी असते, किलोभर सालीला आख्खं पोतं लागतं, तेव्हा गाडीची डिकी रिकामी ठेवून जा. माती आणि सडका भाग निवडून काढा, नाहीतर घरभर वास सुटतो.

तागासारख्या धाग्यावर झाडपाल्याचा रंग नुसता उकळून टिकत नाही, आधी त्याला धरून ठेवणारं काहीतरी लागतं. माझं प्रमाण देते, सगळं कोरड्या धाग्याच्या वजनावर. शंभर ग्रॅम धाग्याला वीस ग्रॅम हिरड्याची पूड गरम पाण्यात कालवून त्यात जुड्या रात्रभर भिजवल्या. हिरड्यातलं टॅनिन धाग्यात मुरतं. सकाळी पिळून, न धुता, पंधरा ग्रॅम तुरटीच्या कोमट पाण्यात पुन्हा रात्रभर. मग रंग. शंभर ग्रॅम धाग्याला शंभर ग्रॅम कांद्याची साल तासभर उकळून गाळून घेतली, त्या पाण्यात जुड्या तासभर मंद आचेवर ठेवल्या आणि त्यातच थंड होऊ दिल्या. बाहेर काढल्या तेव्हा रंग झेंडूसारखा होता. सासूबाई म्हणाल्या, “हे घालून बसलीस तर पक्षी काय, भाविक येतील.”

खरी गंमत पुढे आहे. वेगळ्या बादलीत गरम पाण्यात हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट हा लोहाचा क्षार, विरघळवलं, धाग्याच्या वजनाच्या दोन टक्के, आणि जुड्या त्यात बुडवल्या. रंग डोळ्यांदेखत फिरतो. नारिंगी मावळतो, क्षणभर मोहरीसारखा होतो आणि मग खाकी, शेवाळी. पाच मिनिटांत काढलेली जुडी फिकट, पंधरा मिनिटांची गडद. मी मुद्दाम वेगवेगळ्या वेळी काढल्या. काही जुड्या अर्ध्याच बुडवल्या, म्हणजे एकाच झुपक्यात टोक गडद आणि बूड फिकट. रंग डागाडागांचा, असमान आला तर आनंद माना. गवत कधी एकसारखं नसतं.

हिराकस काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं, पण नाशकात सोपा मार्ग कृषी सेवा केंद्राचा. द्राक्षबागेत पानं पिवळी पडली की लोहाची कमतरता भरून काढायला बागाईतदार हेच वापरतात. एक किलोची पिशवी नव्वद रुपयांना आली आणि बहुतेक सगळी उरली. जास्त घालायचा मोह आवरा, लोह जास्त झालं की धागा कुजकट होऊन तुटतो. तिथल्याच मांडणीवर मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, असतं, बुरशीवर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी. कांद्याच्या रंगाला त्याने हिरवट छटा येते हे मला माहीत होतं. तरी घेतलं नाही. तांब्याचे क्षार माशांना आणि पाण्यातल्या जिवांना घातक, आणि हा सूट पाण्याच्या काठावरच लोळणार.

करडा-काळा रंग सगळ्यात स्वस्त आणि सोपा. हिरड्यात भिजवलेली जुडी तुरटी न लावता सरळ हिराकसात टाकायची. जुनी शाई अशीच करत. तपकिरीसाठी दादाच्या बांधावर वादळात पडलेल्या बाभळीच्या फांद्यांची साल काढून आणली, दोन दिवस भिजवून उकळली. तिच्यात स्वतःचंच टॅनिन भरपूर, त्यामुळे वेगळा हिरडा लागला नाही. रंग लालसर, ओल्या मातीच्या जवळ जाणारा आला. डाळिंबाच्या साली वाळवून ठेवल्या होत्या, त्यांनीही लोहाबरोबर छान शेवाळी दिला, पण पुरेशा नव्हत्या. सटाणा-मालेगावकडे कुणी ओळखीचं असेल तर कांद्याऐवजी तेही चालेल. हळद मात्र नको. सुंदर रंग देते आणि उन्हात उडून जाते.

पातेलं स्वयंपाकाचं वापरू नका. मी भंगारवाल्याकडून ॲल्युमिनियमचं जुनं भगुलं साडेचारशेला घेतलं. ते आता कायमचं रंगाचंच आहे, वर तसं लिहूनच ठेवलंय. हिराकसाला प्लॅस्टिकची बादली बरी, हातमोजे हवेतच, आणि कपड्यांवर उडालेला थेंब पुन्हा निघत नाही. उरलेलं पाणी नाल्यात किंवा गोदेत सोडू नका. मी ते खूप पातळ करून आवारातल्या मोकळ्या मातीत, झाडांपासून लांब, थोडं थोडं जिरवलं.

वाळवायला ऊन नको, सावली आणि वारा हवा. इथेच परतीच्या पावसाने छळलं. जुड्या गच्चीवरून जिन्यात, जिन्यातून बेडरूममध्ये. ओला ताग लगेच कुबट होतो, दोन दिवस गठ्ठ्यात राहिला तर बुरशी धरते. पंख्याखाली, दोरीवर सुट्या टांगा. नवरा काही बोलला नाही, फक्त दोन दिवस हॉलमध्ये झोपला.

दिवाळी आटोपल्यावर आगीचं काम काढलं. कृपया हा भाग वगळू नका. सुटा, वाळलेला ताग म्हणजे काडीची वाट बघणारं सरपण. गिली सूट घातलेली माणसं भाजल्याच्या घटना सैन्यांत घडलेल्या आहेत. आणि आपण बसणार कुठे, तर निफाडच्या थंडीत, जिथे सकाळी बांधाबांधावर शेकोट्या असतात आणि पारा फार उतरला की द्राक्षबागांतही धुराचे जाळ केले जातात. उपाय जुना आणि स्वस्त आहे: एक लिटर गरम पाण्यात सत्तर ग्रॅम टाकणखार (बोरॅक्स) आणि तीस ग्रॅम बोरिक पावडर, कॅरमवर टाकतात तीच. रंगवलेल्या, वाळलेल्या सगळ्या जुड्या, न रंगवलेल्याही, त्यात चिंब भिजवून हलक्या पिळायच्या आणि न धुता वाळवायच्या. पावडर पोटात जाऊ देऊ नका, लहान मुलं असतील तर हे काम त्यांच्यापासून लांब करा. मी गच्चीवर चिमट्यात धरून दोन झुपके पेटवून पाहिले. साधा भुर्रकन जळून संपला. दुसरा काळा पडला, धुमसला आणि ज्योत काढून घेताच विझला. याने सूट अग्निरोधक होत नाही, पळायला वेळ मिळतो इतकंच. आणि हा लेप पाण्याने धुतला जातो, म्हणून हे काम रंगानंतर, अगदी शेवटी.

बांधणीबद्दल थोडक्यात. क्रिकेटच्या सरावाची जुनी सुती जाळी, दोन बोटं जातील एवढ्या घराची, पाठीवर, खांद्यांवर, बाह्यांच्या बाहेरच्या बाजूला आणि टोपीवर मोचीच्या दोऱ्याने शिवली. पोटाकडे जाळी नाही. तिथे, कोपरांना आणि गुडघ्यांना जाड कॅनव्हास, कारण पालथं पडल्यावर झुपके ओढले जातात. आठ-दहा धाग्यांचा झुपका मधोमध दुमडायचा, घरातून ओवायचा आणि त्याच्याच फासातून टोकं ओढून घ्यायची. खालून वर जायचं, कौलं घालतात त्या क्रमाने, म्हणजे वरचा झुपका खालच्याची गाठ झाकतो. रंगांचे पट्टे होऊ देऊ नका. मी डोळे मिटून पिशवीत हात घालत होते, जो रंग येईल तो. डोक्यावर आणि खांद्यांवर दाट, कमरेखाली विरळ. भुवयांवर लांब धागे सोडले, पण नजरेआड येणारे कापले. अधूनमधून रबराचे फास रिकामे ठेवलेत, जागेवरचं गवत खोचायला. गाजरगवत खोचू नका, अंगाला खाज आणि बियांचा प्रसार, दोन्ही फुकट. लेन्ससाठीही उरलेल्या धाग्यांची झालर केली. सूट भरला साधारण साडेतीन किलो. दवाने भिजला की त्याहून बराच जड होतो.

खर्च असा: पोती 210, जाळी 420, हिरडा 140, तुरटी 60, हिराकस 90, टाकणखार आणि बोरिक मिळून 480, भगुलं 450, कॅनव्हास 220, दोरा 60. एकूण 2130 रुपये, गॅस आणि पेट्रोल सोडून. म्हणजे तयार सुटापेक्षा फार स्वस्त पडत नाही. तेवढ्यासाठी करणार असाल तर करू नका.

शेतावर बसण्याआधी दादा मला गावच्या पोलीस पाटलांकडे घेऊन गेला. त्यांनी सूट हातात घेऊन नीट पाहिला आणि म्हणाले, “ताई, उसाकडं फिरकायचं नाही हे घालून. बिबट्याचे दिवस आहेत. कुणी घाबरून दगड घातला तर कुणाला बोलणार?” निफाड तालुक्यात ऊस आणि बिबट्या दोन्ही भरपूर, त्यामुळे हा सल्ला मी अक्षरशः पाळला. येता-जाता सूट पिशवीत, अंगावर भगवी ओढणी. जागेवर पोहोचल्यावरच चढवायचा, आणि शेजारच्या शेतकऱ्यांना आदल्या संध्याकाळी सांगून ठेवायचं. दादाला तर वेळही सांगितलेली: नऊला फोन आला नाही तर बघायला ये.

22 डिसेंबरला, रविवारी, उजाडायच्या आत पाणकणसाच्या कडेला जाऊन बसले. थंडी कडाक्याची होती, पण सुटात ती जाणवली नाही. ऊन वर आल्यावर मात्र घाम फुटला, तेव्हा उन्हाळ्यात याचा विचारही नको. आधी वारकरी पक्षी आले, निर्धास्त. मग थापट्या बदकांचा घोळका पाण्यात चोची फिरवत जवळ जवळ येत गेला. एक तुतवार माझ्या बुटापासून हातभर अंतरावर चिखल टोचत होता, इतका जवळ की लेन्सला फोकसच मिळेना. चक्रवाक उतरले, पण लांब, आणि त्यातला एक बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मी हात हलवला तेव्हा उडाले. सूट हालचाल लपवत नाही, हे लक्षात ठेवा. कॅमेरा आधीच डोळ्याच्या उंचीला, तिवईवर लावून बसायचं, आणि बोटाशिवाय काही हलवायचं नाही. दादाच्या कुत्र्याने मात्र मला वासावरून पहिल्या मिनिटात शोधलं. पुढच्या वेळी त्याला बांधून ठेवलं.

सूट आता कपाटाबाहेर, सुती चादरीत गुंडाळून, कडुनिंबाचा पाला घालून टांगलेला आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, ओल कोंडते. वापरून आल्यावर झटकून, कुसळं वेचून, सावलीत वाळवायचा. धुवायचा नाही, आणि पावसात किंवा पाण्यात पूर्ण भिजलाच तर टाकणखार-बोरिकचं पाणी स्प्रेच्या बाटलीने पुन्हा मारायचं. पहिल्या हंगामात खांद्यावरचे शेवाळी झुपके उन्हाने फिकट, पेंढ्याच्या रंगाकडे गेले. ते मी बदललेले नाहीत, काठावरचं गवतही जानेवारीत तसंच होतं. कमरेजवळचे काही गळाले, तिथे नवे बांधायला किलोभर रंगवलेला धागा बाजूला ठेवला आहे. कुणाला नमुन्यासाठी दोन-चार जुड्या हव्या असतील तर कळवा, गंगापूर रोडवरून घेऊन जाता येतील.